सोमवारची कार्डं

१२ फेब्रुवारी

माननीय कल्याण अधिकारी साहेब,

कंपनीच्या मासिकाचा नवा अंक आज आमच्या स्टोअरमध्ये आला. हातमोज्यांच्या खोक्यावर ठेवून वाचला. पान चार, तुझा फोटो. कोट नवा दिसतो. दात सगळे दिसतायत, म्हणजे अक्कलदाढेचं दुखणं थांबलं असावं. आईला सांगितलं, तिला बरं वाटलं.

फोटोखाली तुझं वाक्य छापलंय: "आमच्या कारखान्यात मनातलं बोलायला कुणालाही भीती वाटत नाही." मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारी हेल्मेटं पुसत बसलेल्या बाईनं विचारलं, "कुठल्या कारखान्यात हो?"

म्हणून हे पत्र. अकरा महिने मी तुझा फोन उचललेला नाही आणि पुढेही उचलणार नाही. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. पत्र तुझ्या घरी न पाठवता मुख्य कचेरीच्या पत्त्यावर पाठवतेय, तेही तुझ्या हुद्द्यानं. म्हणजे तिथल्या आवक बारनिशीत नोंद होईल, वर तारखेचा शिक्का बसेल आणि उद्या तुला 'मिळालंच नाही' म्हणता येणार नाही. तुझ्या कारकुनानं वाचलं तरी माझी हरकत नाही.

तू मोठा झालास, विसरला असशील, म्हणून पहिल्यापासून सांगते.

चौदा वर्षं मी या शेडमधली क्रेन चालवली. छताखाली रुळांवर फिरणारी क्रेन, तिला टांगलेली केबिन, चढायला सेहेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी. खाली पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, आम्ही त्यांना कॉइल म्हणतो, एकेक बारा टनांची. ती उचलायची आणि रांगेत नेऊन ठेवायची. वर काही ऐकू येत नाही. खाली उभा असलेला मुख्य खलाशी, म्हणजे वजनं बांधणाऱ्यांचा म्होरक्या, हातांनी खुणा करतो आणि ड्रायव्हरनं तेवढंच करायचं. दुसऱ्या कुणाची खूण मानायची नाही, मग तो मालक का असेना. अपवाद एकच. दोन्ही हात वर केले की 'थांब', आणि ती खूण झाडूवालीनं केली तरी क्रेन थांबलीच पाहिजे. त्या खलाशाशी मी चौदा वर्षं हातांनीच बोलले. जिन्यात भेटला तरी आम्हाला तोंडानं काय बोलावं सुचायचं नाही.

मग एका दुपारी पट्टा तुटला आणि कॉइल खाली पडली. खाली कुणी नव्हतं. फक्त फरशी फुटली. चौकशीत माझी चूक निघाली नाही. पण त्यानंतर वर चढलं की माझे हात थरथरायचे. तीन आठवडे मी कुणाला काही बोलले नाही. तेव्हाच तू या कारखान्यात तुझी ती योजना आणलीस. दारावर 'मन मोकळं' अशी पाटी, आत दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि प्लास्टिकच्या झाडाची कुंडी.

"ताई, बोल. इथलं इथेच राहतं," तू म्हणालास.

"भाऊ म्हणून विचारतोयस की अधिकारी म्हणून?"

"दोन्ही."

"मग तो रुमालाचा डबा तिकडे सरकव. मी रडणार नाहीये."

तू हसलास, मीही हसले. आणि मी सांगितलं: खाली बघितलं की माझे हात माझे राहत नाहीत. तू म्हणालास, सहा आठवडे खाली काम कर, डॉक्टरांकडे जा, बरी झालीस की परत वर जा, केबिन कुठे पळून जात नाही. ते मला पटलं होतं. मला क्रेनवरून उतरवलंस ते बरोबरच केलंस, त्याचा माझ्या मनात राग नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे तुला तिथे लपता येणार नाही.

राग पुढच्याचा आहे. महिन्याभरानं कॅन्टीनमध्ये सगळ्यांची सभा घेतलीस. योजनेचं यश सांगताना खिशातून कागद काढलास. "एका कर्मचाऱ्याचा अनुभव वाचतो. नाव सांगत नाही. ती म्हणाली, उंचावरून खाली बघितलं की माझे हात माझे राहत नाहीत." ती! अख्ख्या शेडमध्ये क्रेनवर बाई होतीच किती? तीनशे माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या हातात चहाचा कप होता. मागून कुणीतरी म्हणालं, "कप सांभाळा," आणि हशा पिकला. तू तेव्हा पाणी पीत होतास.

त्या दिवसापासून माझं नाव 'थरथर' पडलं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलं की मी बरी आहे. तो कागद तुझ्याच टेबलावर आला आणि तुझ्याच सहीनं परत आला: 'उंचीवरील कामास कायम अयोग्य.' ज्या ड्रायव्हरला सगळे हसतात तिला वर कसं पाठवायचं, असं मोठ्या साहेबांनी विचारलं म्हणे. तू मान डोलावलीस. दोन महिन्यांत तुला बढती मिळाली आणि तू मुख्य कचेरीत गेलास. मी स्टोअरच्या खिडकीत बसून हातमोजे वाटते.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

तुझी एक बहीण
(नाव सांगत नाही)


२४ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, दोन ओळींचं. 'तुमच्या भावना समजू शकतो. पत्राची नोंद घेतली आहे.' तुमच्या! लहानपणी नाक पुसायला माझी ओढणी ओढणारा तू, आता मला अहो-जाहो करतोस. आईला दाखवलं नाही. तिला सांगितलं, छोट्या खुशाल आहे, कामात आहे.

आता मी तुला एक गंमत सांगते. तुझी सोमवारची कार्डं. कार्डावर पाच तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, त्यातल्या एकावर टिक करून गेटवरच्या पेटीत टाकायचं. वर छापलंय 'नाव (ऐच्छिक)', आणि त्याच्या खाली 'टोकन क्रमांक (आवश्यक)', म्हणजे हजेरीचा नंबर. हे ज्यानं सुचवलं त्याचा सत्कार करायला हवा.

ही कार्डं वाटायची कुठून? स्टोअरच्या खिडकीतून, हातमोज्यांबरोबर. म्हणजे माझ्या हातून. तू गेल्यावर पहिल्याच सोमवारी एक वेल्डर कार्ड घेऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, खरं लिहू का?" मी म्हटलं, "लिही की. रडक्यावर टिक कर. माझ्या शेजारी एक स्टूल रिकामं आहे." त्यानं हसऱ्यावर टिक केली. दुसऱ्यालाही मी तेच सांगितलं, तिसऱ्याला सांगावं लागलं नाही. महिन्याभरात पेटीत नुसती हसरी तोंडं. तुझ्या कचेरीत त्याचा आलेख निघाला, आलेखावरून भाषण निघालं, भाषणावरून तो कोट. छोट्या, तुझा कोट मी शिवलाय.

अजून ऐक. माणसं पेटीत खोटं टाकतात आणि खिडकीशी खरं बोलतात. हातमोज्यांचा जोड घ्यायला यायचं आणि पाच मिनिटं रेंगाळायचं. मी काही विचारत नाही, नुसती मोजे शोधत बसते. मग आपोआप निघतं. वेल्डर सांगतो, तो सुट्टीच्या दिवशीही गेटपर्यंत येऊन परत जातो, कारण घरात बसवत नाही. कॅन्टीनवाली सांगते, मुकादमाचा आवाज ऐकला की तिला उलटी येते. तो ओरडतो तेव्हा ती आत जाऊन नळ सोडते, म्हणजे ऐकू येणार नाही.

तुझ्या त्या खोलीत वर्षभरात चारजण आले. माझ्या खिडकीशी किती आले ते मला नक्की ठाऊक आहे, कारण मी लिहून ठेवलंय. निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. तारीख, काम, आणि त्यांचेच शब्द, जसेच्या तसे. मी लिहिते हे त्यांना माहीत नाही.

२० मार्चला संचालक मंडळ शेड बघायला येणार आणि तू भाषण करणार, असं सूचना फलकावर लागलंय. ये. छान बोल. टाळ्या पडल्या की मी उभी राहीन आणि वही उघडेन. कुणाचंही नाव सांगणार नाही, काळजी नको. ते मी तुझ्याकडूनच शिकले.

ताई


१० मार्च

छोट्या,

आता दहाच दिवस राहिले. तुझ्या नावाची पाटी रंगवायला आली होती. रंगाऱ्याला ब्रश मीच काढून दिला, चांगल्यातला.

तुला वाटत असेल ताई धमक्या देते आणि ऐनवेळी गप्प बसते. तसं व्हायचं नाही. काल सोमवारी माझ्या वहीला हवं होतं ते पान मिळालं. वेल्डर, कॅन्टीनवाली सोड, ते ऐकून तुझे संचालक चुकचुकतील आणि चहा घ्यायला जातील. हे पान ऐकलं की त्यांना खुर्चीत बसवणार नाही. माझ्या जागेवर जो माणूस तू बसवलास, तोच. दिवसाला दहा शब्द बोलतो म्हणून सगळे त्याला गप्प्या म्हणतात. काल खिडकीशी येऊन दहाच्या वर बोलला. तुझ्या हसऱ्या कार्डाखाली बारा टन कसे लोंबकळतायत ते तुला भर सभेत कळेल. तोपर्यंत खुशाल झोप. माझ्या वेळी तू झोपलाच होतास.

कोट इस्त्री करून आण. फोटो निघणार आहेत.

ताई


१७ मार्च

छोट्या,

शनिवारचं तुला कळलंच आहे. तुमच्या कचेरीचं पत्रक इथे फलकावर लावलंय. 'एका कामगाराच्या पायास इजा.' आज सकाळी ऑपरेशन झालं. मुख्य खलाशाचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

काय झालं ते नीट सांगते, कारण तुमच्या पत्रकात ते नाही. साडेअकराचा सुमार. गप्प्या कॉइल घेऊन शेडच्या त्या टोकाला निघाला होता. खलाशी पुढे चालत खुणा करत होता. सातव्या खांबाशी गप्प्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि त्याचा हात दांड्यावरून सुटला. हात सुटला की दांडा आपोआप मागे येतो आणि क्रेन जागच्या जागी उभी राहते, अशीच सोय आहे. क्रेन उभी राहिली. पण लटकणारं वजन लगेच उभं राहत नाही, ते झोका घेतं. झोक्यानं कॉइल रांगेवर आदळली, रांगेतली कडेची सुटली आणि खलाशाच्या पायावर गेली.

मी खिडकीतून बघत होते. झोका सुरू झाला तसं मला कळलं. मी दोन्ही हात वर करून धावत सुटले. क्रेन तर आधीच थांबली होती. तरी मी तिथे पोचेपर्यंत, आणि पोचल्यावरही, 'थांब'ची खूण करतच होते. हेल्मेटवाल्या बाईनं माझे हात धरून खाली घेतले.

खलाशी शुद्धीवर होता. ओरडला नाही. गप्प्याला वरून उतरवायला दोघं गेले, तर तो शिडी धरून बसला होता, हात सोडवत नव्हता.

लोक म्हणतात, कुणाला काय कल्पना. मी काही बोलत नाही. आई काल रात्रभर माझ्याजवळ बसून होती, तिलाही सांगितलेलं नाही. तुला सांगते. तुला का सांगते ते मला माहीत नाही. कदाचित माझ्याइतकं वाईट वागलेलं तुझ्याशिवाय दुसरं माणूस मला माहीत नाही म्हणून.

१० तारखेच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. ९ तारखेला गप्प्या खिडकीशी आला तेव्हा त्याच्या हातात कोरं कार्ड होतं. म्हणाला, "ताई, आठ दिवस झोप नाही. वळताना डोळ्यांपुढे काळं होतं. मला वाटतं आज उतरावं. रडक्यावर टिक करतो आणि सांगतो साहेबांना."

मी हातमोज्यांचा जोड काढून त्याच्यापुढे ठेवला.

"तुमचं झालं तसं होईल का हो माझं?" त्यानं विचारलं. "तुम्ही सांगाल तसं करतो."

तो उतरायला तयार होता, छोट्या. मी फक्त 'उतर' म्हणायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे तुझा तो फोटो होता, तू संचालकांसमोर उभा, आणि मी वही उघडतेय. क्रेनवर बसलेला माणूस हसऱ्यावर टिक करतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधार असतो, यापेक्षा चांगलं पान मला मिळालं नसतं. तो उतरला असता तर पान गेलं असतं. मी म्हटलं, "हसऱ्यावर कर. वीस तारखेपर्यंत कळ काढ. मग मी बघते." त्यानं माझ्यासमोर टिक केली, मीच पेन दिलं. मग तो शिडी चढून वर गेला, आणि मी वही काढली.

वीस तारखेचा कार्यक्रम रद्द झालाय. पाटी अजून भिंतीला टेकवून ठेवलीय.

ताई


२३ मार्च

छोट्या,

काल आईच्या फोनवर फोन करून मला द्यायला लावलास. आईनं फोन माझ्या कानाला लावला आणि स्वतः दारात उभी राहिली, म्हणून बोलले.

तू काय म्हणालास ते इथे लिहून ठेवते, कारण उद्या तू म्हणशील ताईचा गैरसमज झाला.

"ताई, कंपनीची बाजू सरळ आहे. त्यानं नऊ तारखेला स्वतःच्या हातानं 'ठीक' लिहून दिलंय. दुखणं लपवलं त्यानं. जबाबदारी त्याच्यावर जाते."

"आणि वहीचं पान?"

"ते फाड. तुझंही नाव येणार नाही, माझंही नाही. आईचा विचार कर."

तुला आई बरी आठवली. मी म्हटलं, "त्या पानाचं तुला कधीपासून माहीत होतं?"

तू म्हणालास, "तूच नाही का लिहिलंस, दहा तारखेला."

"कधी मिळालं ते पत्र?"

तू म्हणालास, "बारा तारखेला. गुरुवारी." आणि मग म्हणालास, "मला वाटलं तू नेहमीसारखे टोमणे मारतेयस."

मी फोन ठेवला. आईनं विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही. ती म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाला म्हणू?" आणि आत गेली.

नंतर मी त्या पत्राची माझ्याकडची नक्कल काढली. मी कच्चं लिहून मग पक्कं करते, तुला माहीत आहे. पुन्हा वाचलं. बारा टन लोंबकळतायत, असं लिहिलंय खरं. माझ्या जागेवरचा माणूस, असंही लिहिलंय. पण इकडे कोट, तिकडे इस्त्री, मध्ये तुझी झोप. कुणी वाचलं तर त्याला वाटेल, बाईला भावाचा राग आलाय. माणूस मरेल, त्याला उतरवा, असं कुठे लिहिलेलं नाही. साधं एक वाक्य मला लिहिता आलं असतं.

तरी तू सुटत नाहीस. मनातलं ओळखायचा पगार तुला मिळतो, मला नाही. दोन दिवस होते तुझ्याकडे, गुरुवार आणि शुक्रवार. शेडमध्ये एक फोन करायचा होता. नोंद घेतलीस आणि फाइलला लावलंस.

गप्प्याला दोन मुली आहेत. तो बिचारा अजून कुणालाही सांगत नाहीये की मी त्याला काय सांगितलं होतं. मी जाऊन विचारलं, का सांगत नाहीस? म्हणाला, "तुम्ही चांगल्या मनानं सांगितलं असणार." त्याच्या घरच्या बाकावर मी दहा मिनिटं बसून होते. पाणी दिलं त्यांनी, ते प्यायला झालं नाही.

त्याच्या माथी मारून आपण दोघांनी मोकळं व्हायचं, हा तुझा बेत. या वेळी तरी 'थांब' म्हणणारं कुणीतरी हवं. गुरुवारी, २६ तारखेला, चौकशी समितीपुढे मी जाणार आहे. पान घेऊन जाणार आहे. आणि त्यांना सांगणार आहे की मुख्य कचेरीची आवक बारनिशी मागवा, १२ मार्च, प्रेषक अमुक, प्रति कल्याण अधिकारी. शिक्का बसलेला असेल. माझं नाव मी सांगीनच, पण आधी तुझं सांगीन. मोठी आहे मी, एवढा मान माझा.

ताई


३१ मार्च

छोट्या,

तुझ्या निलंबनाचं पत्र तुला शुक्रवारी मिळालं, मला शनिवारी कळलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? वर्षभर ज्यासाठी जळत होते ते झालं. मी चहा करून घेतला, दोन चमचे साखर घालून, आणि खिडकीत उभी राहून प्यायले. आई बघत होती. मी कप विसळून ठेवला तोपर्यंत तो आनंद पुरला.

समितीत तिघं होते. मी वहीतलं पान दिलं, तुझ्या बारनिशीचं सांगितलं. पेन मी दिलं होतं हेही सांगितलं. मधल्या बाईंनी विचारलं, "त्याला बरं नाही हे कळल्यावर तुम्ही वर कळवलं का नाही?"

मी म्हटलं, "एकदा सांगितलं होतं मी. माझ्याबद्दल. त्याचं काय झालं ते सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

तिघांनीही माना हलवल्या. बाईंनी ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली. गप्प्यावरचा आरोप त्यांनी तिथेच काढून टाकला. त्याला उपचारांसाठी रजा मिळालीय आणि खाली काम देणार आहेत. मलाही घरी बसवलंय, चौकशी पुरी होईपर्यंत. पण बाहेर पडताना मला वाटलं, मी बरं उत्तर दिलं.

बाकीची वही मी ठेवली नाही. प्रत्येकाला त्याचं त्याचं पान फाडून देऊन आले. कॅन्टीनवालीनं पान वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाली, "आता इथे चहाला येऊ नका." वेल्डर नुसतं "तुम्ही पण?" म्हणाला.

शुक्रवारी खलाशाला भेटायला गेले. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. पायाच्या जागी चादर सपाट आहे, तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते आणि तिकडेच बघत राहिले. त्यानं स्टुलाकडे हात केला, बसले. आमची सवय अशी, पहिली दहा मिनिटं कुणीच बोललं नाही.

मग मी सगळं सांगितलं. गप्प्या आला होता, मी त्याला वर पाठवलं. का, ते विचारायच्या आधीच मी समितीतलं उत्तर दिलं. एकदा सांगितलं होतं, माझं काय झालं बघितलंस ना.

तो म्हणाला, "ते त्यांना ठीक आहे. मी तुझं काय केलं होतं?"

तीनशे माणसांत माझा कप बघून न हसलेला तो एकटा होता. मला थरथर म्हणून त्यानं कधी हाक मारली नाही. आणि, मला लाज वाटते लिहायला, मी तुझ्याबद्दल बोलायला लागले. माझ्या भावाला पत्र मिळालं होतं, दोन दिवस त्याच्याकडे होते, कल्याण अधिकारी तो आहे, फोन त्यानं करायचा होता. बोलत सुटले. खलाशानं दोन्ही हात वर केले.

मी थांबले.

"मंगळवारी तुझा भाऊ येऊन गेला," तो म्हणाला. "सफरचंदं घेऊन. याच स्टुलावर बसला. म्हणाला, ताईला सगळं माहीत होतं, तिनं सांगितलं नाही. आज तू आलीस, म्हणतेस त्याला माहीत होतं, त्यानं केलं नाही. दोघंही खरंच बोलताय."

मला माहीत नव्हतं तू आला होतास. तू आईलाही भेटला नाहीस.

"आता असं करा," तो म्हणाला. "पुढच्या वेळी दोघं मिळून या. एकाच वेळी माझ्यासमोर उभे राहा आणि आपापलं सांगा. एकेकट्यानं यायचं नाही. एकेकटं आलात की तुम्ही दुसऱ्याचंच सांगता, आणि मला इथे पडल्या पडल्या ते ऐकून घ्यावं लागतं." मग त्यानं तोंड खिडकीकडे केलं. त्याच्या बायकोनं मला दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं.

म्हणून हे पत्र घरच्या पत्त्यावर. बारनिशी नाही, शिक्का नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. तू मला करावंस असंही म्हणत नाही. रविवारी चार ते पाच भेटायची वेळ असते. मी पावणेचारला खालच्या दाराशी उभी असेन. तू आलास तर दोघं वर जाऊ. तू आला नाहीस तर मला त्या खोलीत कधीच जाता येणार नाही. माझं उट्टं काढायचं तुझ्या मनात असेल तर तुला काहीच करायला नको, घरी बसून राहिलास तरी पुरे.

ताई